मागीर?

मासळीबाजारात भाव विचारला की भाव मिळत नाही, गोष्ट मिळते. बांगड्यांचा वाटा एवढा महाग का, तर आधी परवा रात्रीचं वारं, मग रापणीत आलेला कचरा, मग कुणाचा तरी जावई जो होडी सोडून बोटीवर नोकरीला गेला, आणि एवढं सगळं ऐकून घेतल्यावर घासाघीस करायला आपलं तोंड उरत नाही तेव्हा कुठे आकडा. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ट्रॉलर बंद असतात त्या दिवसांत, गोष्ट आणखी लांबते. टोपलीत मासे कमी आणि हातात वेळ भरपूर. घरी आल्यावर बायको म्हणते, फसवलं तुम्हाला. फसवलं कसलं? दोन जिन्नस आणले, पैसे एकाचेच दिले.

गोष्ट म्हणजे काय, हे शाळेत आम्हाला सुरुवात, मध्य, शेवट आणि तात्पर्य असं फळ्यावर लिहून शिकवलं. घरी मात्र एकच नियम होता. ऐकणाऱ्याने मधून मधून "मागीर?" म्हणायचं. पुढे काय झालं ते सांग, एवढाच त्याचा मतलब. "मागीर?" आलं नाही की आजी थांबायची, "न्हिदलो रे?", म्हणजे झोपलास का, म्हणून विचारायची आणि उत्तर आलं नाही तर राजपुत्राला तसाच जंगलात सोडून दिवा मालवायची. त्यामुळे माझं मत असं झालंय, की गोष्टीचा आकार सांगणारा ठरवत नाही. तो ठरवतो ऐकणारा.

पटत नसेल त्याने जत्रेतला दशावतार बघावा. पावसाळा सरला की गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या जत्रांना सिंधुदुर्गातल्या कंपन्या येऊ लागतात. लिहिलेलं नाटक त्यांच्यापाशी नसतं. आज कुठलं आख्यान लावायचं, कोण कधी प्रवेश करणार, एवढं आपापसात ठरतं आणि बाकीचं बोलणं जागच्या जागी. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, राणी आडवी झाली की पलंग, त्यावर चढून कुणी लांब नजर टाकली की डोंगर. राक्षस शेवटी मरणार हे पुढे बसलेल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, तरी बायका शाली गुंडाळून पहाटेपर्यंत जाग्या. मरणार ते ठीक, पण आज कसा मरतो, मरताना काय बोलतो, ते बघायचं असतं.

एका जत्रेत राक्षसराजाने प्रधानाला विचारलं, "प्रधानजी, राज्यात सर्व कुशल?" प्रधान म्हणाला, "कुशल महाराज, फक्त नळाला पाणी नाही." मांडव हसला. पहिल्या रांगेत गावचे पंच बसले होते, तेही हसले, जरा उशिरा. झालं, राक्षसाच्या लक्षात आलं की इथे माती ओली आहे. त्याने इंद्रावरची स्वारी बाजूला ठेवली आणि पाणी, रस्ता, रस्त्यावरची गुरं असं करत दरबार चांगला अर्धा तास चालवला. पेटीवाला गालात हसत सूर धरून बसला होता. स्वर्ग थांबला तर थांबला. लोक "मागीर?" म्हणत होते, आणि ते इंद्राबद्दल म्हणत नव्हते.

तियात्रात, म्हणजे गोंयकारांच्या कोकणी नाटकात, ही सोय पक्कीच करून ठेवलेली आहे. १८९२ साली तियात्र जन्मलं ते गोव्यात नव्हे, मुंबईत, पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या गोंयकारांमध्ये. त्याचे पाच-सात पडदे, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां. या गाण्यांचा कथेशी काडीचा संबंध असावा लागत नाही. आई खाटेवर शेवटच्या घटका मोजतेय, लेक आखातातून निघालाय, पडदा पडतो आणि सूटबूटवाला गायक येऊन मंत्र्यांना धुऊन काढतो. लोक शिट्ट्या मारून त्याला परत बोलावतात, तो पुन्हा गातो, मग पडदा वर जातो आणि आई पुढे मरू लागते. नाट्यशास्त्राच्या कुठल्या चौकटीत हे बसेल मला सांगता येणार नाही. पण डोळे पुसणारे आणि शिट्ट्या मारणारे तेच लोक असतात, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही.

याच्या अगदी उलट श्रावणातली कहाणी. रविवारी आयतार, म्हणजे सूर्य, पुजताना आते चष्मा लावून आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची तेव्हा हातात अक्षता धरून मुकाट बसायचं. तिथे "मागीर?" चालत नाही. पुढचं सगळ्यांना पाठ असतं, आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय कुणी उठत नाही. बदल करायचा अधिकार नाही, शंका विचारायचा त्याहून नाही. हाही ऐकणाऱ्यानेच ठरवलेला आकार. त्याला नवं नको असतं, तेच हवं असतं.

ऐकणाऱ्याची ही ताकद फादर स्टीफन्सना बरोबर कळली होती. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यातल्या साष्टीत राहिला. धर्म बदललेल्या लोकांना जुनी पुराणं बंद झाली होती, पण पुराण ऐकायची सवय सुटली नव्हती. मग त्याने बायबलातली कथा मराठी ओवीत घातली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि १६१६ साली तिथल्याच राशोलला ते 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. देव बदलला, कान तेच राहिले. त्या काळची छापील प्रत आज एकही हाती नाही, मजकूर टिकला तो हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून. कुणीतरी ऐकायला मागत होतं म्हणूनच कुणीतरी बोटं दुखेपर्यंत नकला करत बसलं असणार.

आणि सात बहिणींची, म्हणजे गोव्यातल्या सात देवींची, गोष्ट तर विचारूच नका. शिरगावची लईराई, मयेची महामाया, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई, यादी गावागणिक थोडी हलते, आणि एकुलता भाऊ खेतोबा. भाऊ विस्तव आणायला गेला आणि पोरांच्या खेळात रमला. लईराईने रागाच्या भरात त्याला लाथ मारली, त्याची कंबर वाकली, आणि पश्चात्ताप म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली. आते मला ही गोष्ट सांगायची ती लाथेपाशी संपायची, कारण मला दुकानावर पाठवलं की मीही वाटेत रमायचो. आईला त्यातला पश्चात्तापच तेवढा महत्त्वाचा. वैशाखात सोवळं पाळून, रंगीत गोंड्यांची वेताची काठी घेऊन होमकुंडातून जाणाऱ्या धोंडांना, म्हणजे लईराईच्या व्रतस्थ भक्तांना, विचाराल तर गोष्ट निखाऱ्यांपासून सुरू होते.

त्यातली एक बहीण म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मेरीमाता, झाली, असं हिंदूही सांगतात आणि ख्रिस्तीही. ईस्टरनंतर तिचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, येतं. तेव्हा मी तेलाची बाटली घेऊन रांगेत उभा होतो. पुढच्या आंटीला सहज विचारलं, सायबीण थोरली की धाकटी? "थोरली," ती ठामपणे म्हणाली, "म्हणून तर सगळे हिच्याकडे येतात." माझ्या मागे डिचोलीकडचे एक काका होते. त्यांनी घसा साफ केला आणि थोरली कोण हे शिरगावात येऊन विचारा म्हणाले. आंटीने मान वळवली. मग सातांतलीच एक बहीण अंजदीप समुद्रात बुडाली की भांडून निघून गेली यावर दोघांची जुंपली, आणखी दोघी त्यात पडल्या, आणि पुढे रांग संपून बरीच जागा मोकळी झाली तरी कुणाचा पाय हलेना, तेव्हा तिथला स्वयंसेवक येऊन म्हणाला, तेल आधी वाहा, बहिणी नंतर मोजा.