तुम्ही विचारलंत म्हणून: असेसमेंटचा अभ्यास करायचा कसा?

परीक्षा तोंडावर आली की नर्सिंगच्या मुली हमखास विचारतात, "ताई, पेशंट असेसमेंटचं, म्हणजे पेशंटच्या पद्धतशीर तपासणीचं, एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?" नॉर्मल व्हॅल्यूंचा तक्ता बहुतेकींचा तोंडपाठ असतो, तरी व्हायव्हात बोलती बंद होते. कारण परीक्षक आकडा विचारून थांबत नाहीत, 'असं का?' हेही विचारतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की प्रत्येक कृतीमागचं कारण कळल्याशिवाय पुढच्या पानावर जाऊ नका.

पोटाची तपासणीच घ्या. एरवी क्रम ठरलेला: आधी नीट बघायचं, मग हाताने चाचपायचं, बोटांनी ठोकून बघायचं आणि शेवटी स्टेथोने ऐकायचं. पोटाच्या बाबतीत मात्र बघून झालं की लगेच ऐकायचं. आधीच दाबलं-ठोकलं तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात. हे एकदा समजलं की क्रम वेगळा घोकावा लागत नाही.

बीपीचंही तेच. दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, दंडाच्या मानाने लहान असला तर रीडिंग खोटंच वाढीव येतं. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत असला तरीही. ज्या आकड्याला मनगटाची नाडी लागेनाशी होते त्याच्या 30 mmHg वर कफमध्ये हवा भरायची, कारण काही पेशंटमध्ये कोरोटकॉफचे आवाज (हवा सोडताना स्टेथोत ऐकू येणारे ठोके) मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नेमकं त्या मधल्या टप्प्यापासून ऐकायला सुरुवात केली तर वरचं बीपी कमी लिहिलं जाणार.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो श्वासाला. चार्टवर ओळीने सगळ्या पेशंटचे श्वास 20 लिहिलेले दिसले की मला खरंच राग येतो. प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20 असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मोजायला मात्र कुणी थांबत नाही. पेशंट बिघडायला लागला की बीपी उतरण्याच्या बऱ्याच आधी अनेकदा श्वास वाढलेला असतो. तो मोजलाच नाही, तर हाती असलेला वेळ गेला.

श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं काढायची नाहीत. नजर तेवढी छातीकडे वळवायची. श्वास अनियमित असेल तर पूर्ण मिनिटभर मोजायचं. आणि नुसता आकडा लिहून मोकळं व्हायचं नाही. मानेचे स्नायू ओढले जाताहेत का, नाकपुड्या फुलताहेत का, बोलताना एक वाक्य सलग पुरं होतंय का, हेही टिपायचं.

वेदनेबद्दल मात्र वाद नको. किती दुखतंय असं विचारल्यावर पेशंट दहापैकी आठ म्हणाला तर आठच लिहायचं. तो मोबाईल बघत पडलाय म्हणून आपल्या मनाने चार करायचे नाहीत.

सरावासाठी मैत्रिणीला समोर बसवा आणि प्रत्येक पायरी मोठ्याने कारणासकट बोला: हात धुणं, नाव विचारून खात्री करणं, काय करणार ते सांगणं, सगळं. जिथे अडखळाल, पुस्तकातलं तेवढंच पान पुन्हा वाचा.