विहिरीचा पट्टीचा पोहणारा समुद्रात उतरतो तेव्हा

बीड-धाराशिवकडचं पोरगं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतं आणि चार उन्हाळ्यांत तळाचा चिखल मुठीत आणून दाखवतं. असा गडी तारकर्लीला स्कुबाला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर घेऊन समुद्रात बुडी मारायला, गेला तर त्याला काय भ्यायचं? पण सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं ते त्यालाच. दम कोंडायची सवय त्याच्या हाडात मुरलेली असते.

विहिरीत वरून भरून नेलेली हवा खाली दबते आणि वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते. सिलेंडरचं तसं नाही. समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरण दाब (पाण्यावर हवेचा असतो तेवढा) वाढतो आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरची हवा तोंडात देणारं यंत्र, त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. 10 मीटरवर भरलेली छाती दम कोंडून वर आणली, तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. जेमतेम दीड मीटर पाण्यातूनही हे होऊ शकतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा. रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी ‘आ’ करत बारीक बुडबुडे सोडत राहायचं. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त नको. शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं.

दुसरी सवय कान दुखले तरी रेटून खाली जायची. इथे पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी. कान सुटला नाही तर मीटरभर वर येऊन पुन्हा फुंकायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. गोळी घेऊन उतरलं आणि तिचा असर खालीच उतरला, तर वर येताना हवा कानात अडकते.

खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सामान मिळून 80 किलो पाणी बाजूला सारत असतील, तर खाली जायला अंगावर बांधायचं शिसं समुद्रात सुमारे 2 किलो जास्त लागतं.

आता बुडालेली जहाजं आणि गुहा. गोव्यात ग्रँड आयलंडजवळचं ‘सुझीज रेक’ हे बुडालेलं जहाज बाहेरून बघायला कुणालाही आवडेल. आत शिरणं मात्र वेगळं काम आहे, त्याचं वेगळं शिक्षण असतं. आतला खरा वैरी मासा नव्हे, गाळ. विहिरीत पडलेली मोटर काढायला उतरलेल्याचा पाय तळाला लागला की काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. जहाजाच्या खोलीत तेच होतं, फक्त डोक्यावर आभाळाऐवजी पत्रा असतो. फिनचा (पायातल्या रबरी पंखाचा) एक सरळ फटका खाली बसला की वर्षानुवर्षं साचलेला भुगा उठतो, टॉर्चचा झोत दुधात सोडल्यासारखा अंगावरच परततो आणि आलो ती वाट कुठली ते कळत नाही. म्हणून आत गुडघे वाकवून, टाचा वर ठेवून बेडकासारखे पाय मारायचे. दोरी बाहेर उघड्या पाण्यातच बांधून मग रीळ सोडत आत जायचं. टॉर्च प्रत्येकी तीन.

हवेचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीला. 12 लिटरच्या सिलेंडरमध्ये 200 बार दाबाला (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) 2400 लिटर हवा मावते. वर मिनिटाला 20 लिटर ओढणारा माणूस 20 मीटरवर 60 लिटर ओढतो. म्हणजे एक हिस्सा तेरा मिनिटांत संपला, आणि घाबरला तर त्याच्याही आधी.

आता वॉल. वॉल म्हणजे विजयदुर्गासमोर पाण्याखालच्या ज्या भिंतीची चर्चा होते ती नव्हे. समुद्रातला सरळ कडा. अंदमानात स्वराज द्वीपाजवळ ‘द वॉल’ नावाचीच जागा आहे. विहिरीला तळ असतो, इथे तो नजरेत नसतो. खाली जाऊ तसं तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट आणि सूट यांतली हवा दबते, तरंगणं कमी होतं आणि बुडण्याचा वेग आपोआप वाढत जातो. थोडी थोडी हवा जॅकेटमध्ये सोडत राहायचं आणि चार-पाच श्वासांमागे एकदा खोली दाखवणारा मीटर बघायचा. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्याची हद्द 18 मीटर, ॲडव्हान्स हा पुढचा कोर्स केलेल्याची 30.

आणि एक गोष्ट खास आपल्याकडच्यांसाठी. बुडीनंतर विमानात बसू नये हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, घाटाचं कुणी बोलत नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे धरायची भीती. विमानाचा तो नियम साधारण 610 मीटर उंचीपासून धरतात. आंबोली आहे सुमारे 690 मीटरवर. कोकणातून कुठल्याही घाटाने कोल्हापूरला चढा, तिथून पुढे घरापर्यंत पठारच आहे, पुन्हा समुद्राच्या पातळीला उतरणं नाही. एकच बुडी असेल तर 12 तास, जास्त असतील तर 18 तास खालीच थांबायचं. शेवटची बुडी सकाळी 11 ला संपली, तर पहिल्या हिशोबाने गाडी रात्री 11 नंतर काढायची, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी पहाटे 5 ला. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायच्या आधी हे बघा.