जिंकल्यानंतरची चार वर्षं

न्यू जर्सीतून आम्ही पेनसिल्व्हेनियात राहायला आलो. अंतर म्हणाल तर मधे फक्त डेलावेअर नदी आणि तिच्यावरचा पूल. जुन्या घराजवळच्या काठावर उभं राहिलं की समोर फिलाडेल्फियाच्या उंच इमारती दिसायच्या. पण पूल ओलांडला आणि माझं ड्रायव्हिंग लायसन्स परकं झालं. ठरलेल्या मुदतीत नवं काढा, जुनं जमा करा, गाडीची नंबर प्लेट बदला, विमा बदला, गाडीची तपासणी या राज्याच्या नियमाने करून घ्या. कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या बाईंना मी विचारलं, देश तर एकच आहे ना? त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, पण हे दुसरं राज्य आहे."

मला राग आला. सांगलीच्या आरटीओने दिलेलं लायसन्स खिशात असलं की माणूस थेट लेहपर्यंत गाडी हाकतो, आणि तिथे कायमचा राहायला गेला तरी त्याला ते बदलावं लागत नाही. एमएच-१० ची गाडी बंगळूरला नेल्यावर रोड टॅक्स आणि एनओसीपायी काय हाल होतात ते मला माहीत आहे. पण गाडी चालवायची माझी लायकी राज्याच्या सीमेवर संपत नाही. जगातला सगळ्यात प्रगत देश म्हणवणाऱ्यांनी हे असं का ठेवलं असेल, हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला लागले. ज्या इमारतीत या प्रश्नाचं उत्तर लिहिलं गेलं ती माझ्या नव्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तेव्हा तिला पेनसिल्व्हेनिया स्टेट हाउस म्हणत, आता इंडिपेन्डन्स हॉल म्हणतात.

१७७६ ची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते: प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, बॉस्टनच्या बंदरातला चहा, ४ जुलैचा जाहीरनामा. ती परत सांगत नाही. मात्र त्यातला एक धागा आपल्या दारातून जातो आणि तो इथल्या शाळेत माझ्या मुलीला कोणी सांगितला नाही. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बंगालचा दुष्काळ, लढायांचा खर्च आणि लंडनच्या वखारींत पडून राहिलेला चहा यांनी कंपनी बुडायला आली होती. तिला वाचवायला ब्रिटिश संसदेने चहाचा कायदा केला, आणि त्या कायद्याने बॉस्टन पेटलं. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. पुढे राघोबादादांना हाताशी धरून पुण्याच्या राजकारणात उतरली ती हीच कंपनी.

अमेरिकन लोक लढत होते त्याच वर्षांत आपणही त्याच शत्रूशी लढत होतो, आणि आपण कमी पडलो नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांनी असं कोंडलं की त्यांना तह लिहून द्यावा लागला. फ्रेंचांची मदत अमेरिकेला मिळाली तशी आपल्याला मिळावी म्हणून नाना फडणवीसांनी सेंट ल्युबिन नावाच्या फ्रेंच माणसाला १७७७ मध्येच पुण्यात ठेवून घेतलं होतं, आणि त्यामुळे कलकत्त्यापर्यंत खळबळ उडाली होती. आणि हे तर मला इथे येऊन कळलं: एप्रिल १७८२ मध्ये याच डेलावेअरच्या मुखाशी पेनसिल्व्हेनियाच्या एका जहाजाने ब्रिटिशांचं 'जनरल मंक' हे युद्धजहाज पकडलं. पकडणाऱ्या जहाजाचं नाव होतं 'हायडर अली'. म्हैसूरचा हैदर इंग्रजांना जेरीस आणतोय ही बातमी इथवर पोहोचली होती. त्या वेळी हैदर आणि नाना एकाच बाजूला होते. हे वाचल्यापासून मी त्या पुलावरून जाताना नदीकडे मान वर करून बघते.

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, आणि टिपूवरच्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बरोबरीने श्रीरंगपट्टणावर गेले. आमच्या तासगावच्या गणपतीचं ते सात मजली गोपुर याच परशुरामभाऊंचं. लहानपणापासून ज्यांच्या देवळाच्या सावलीत खेळले त्या भाऊंनी वॉशिंग्टनकडून हरलेला माणूस जवळून पाहिला होता.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेचं मला कौतुक वाटतं ते तिने लढाई जिंकली म्हणून नाही. लढाया आपणही जिंकल्या. जिंकल्यावर चार वर्षांत त्यांना कळलं की आपली मोट सुटते आहे, आणि ती त्यांनी स्वतःच बसून पुन्हा बांधली.

तेरा वसाहतींनी आधी जो करार केला होता, तो १७७७ मध्ये लिहिला आणि १७८१ मध्ये लागू झाला. त्यात केंद्र असं जवळजवळ नव्हतंच. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवता येत नव्हता, फक्त राज्यांकडे मागणी करता यायची. राष्ट्राध्यक्ष नाही, न्यायालयं नाहीत. छोटं असो की मोठं, प्रत्येक राज्याला एक मत. करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. आयात मालावर पाच टक्के जकात केंद्राला द्यावी, एवढी साधी सुधारणा १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटल्यामुळे पडली.

परिणाम काय झाला तो जून १७८३ मध्ये दिसला. युद्ध संपलं होतं, शिपायांचे पगार थकले होते. २१ जूनला सुमारे चारशे शिपायांनी बंदुका घेऊन स्टेट हाउसला वेढा घातला. आपल्या इतिहासात शिबंदीने थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरल्याचे प्रसंग कितीतरी आहेत, हे अगदी तसंच. आत काँग्रेसही होती आणि पेनसिल्व्हेनियाचं सरकारही. काँग्रेसने राज्य सरकारला विनंती केली, तुमची फौज बोलवा आणि आमचं रक्षण करा. राज्याचे प्रमुख होते जॉन डिकिन्सन. त्यांनी फौज बोलावली नाही. आपल्याच शिपायांवर आपली माणसं गोळी झाडतील की नाही, याचीच त्यांना खात्री नव्हती. ज्या देशाने ब्रिटिश साम्राज्याला हरवलं, त्याच्या काँग्रेसकडे स्वतःच्या दारातले चारशे शिपाई हटवायला एक माणूस नव्हता. मग काँग्रेसने काय करावं? तिने फिलाडेल्फिया सोडलं, नदी ओलांडली आणि न्यू जर्सीत प्रिन्स्टनच्या कॉलेजात आसरा घेतला. तिथून अॅनापोलिस, मग ट्रेंटन, मग न्यू यॉर्क.

पुढे घटना लिहिताना हा अपमान कोणी विसरलं नाही. राजधानीची जागा कोणत्याही राज्याची नसेल, तिथे केवळ काँग्रेसची सत्ता चालेल, हे कलम त्यातून आलं. आजही वॉशिंग्टन शहर कोणत्याच राज्यात नाही, आणि तिथे राहणाऱ्यांना काँग्रेसमध्ये मतदानाचा हक्क असलेला प्रतिनिधी नाही. राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्कसुद्धा त्यांना १९६१ मध्ये मिळाला.

राज्याराज्यांतही धुसफूस होती. न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन मोठ्या बंदरांत बाहेरून येणाऱ्या मालावर जकात बसे, आणि तिचा भार मधल्या न्यू जर्सीच्या माणसावर पडे. घटनेचा एक मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसन याने न्यू जर्सीला दोन्ही टोकांना तोटी लावलेलं पिंप म्हटलं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जाने आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली, आणि जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेजच्या मागे ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. यांतले कित्येक शेतकरी स्वातंत्र्ययुद्धात लढलेलेच होते.

आणि मग मे १७८७. नवी घटना जिथे लिहिली गेली ती बैठक १४ तारखेला ठरली होती, पण पुरेशी माणसं जमायला २५ उजाडली. एकूण ५५ प्रतिनिधी आले, ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. फिलाडेल्फियाचा उन्हाळा म्हणजे आपल्या मे महिन्याइतकाच घामाचा, आणि आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद. मोठी राज्यं म्हणत होती लोकसंख्येप्रमाणे जागा द्या, छोटी म्हणत होती सगळ्यांना समान द्या. १६ जुलैला तोडगा निघाला: एक सभागृह लोकसंख्येवर, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान जागा. पाच राज्यं बाजूने, चार विरोधात, मॅसॅच्युसेट्सची मतं विभागलेली. इतक्या थोडक्यात हा देश वाचला. केंद्राला कर, सैन्य, परदेशांशी तह आणि राज्याराज्यांतला व्यापार मिळाला. जे नावानिशी दिलं नाही ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहील, हे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं गेलं. माझं लायसन्स त्या उरलेल्या गठ्ठ्यात पडलं.

या सगळ्यात मला वारंवार आठवत राहिली ती त्याच वर्षीची लालसोटची लढाई. फिलाडेल्फियात जुलैमध्ये हा तोडगा निघत होता तेव्हा महादजी शिंदे राजपुतान्यात अडकले होते. फौजेचे पगार थकलेले, मोगली पलटणी शत्रूला जाऊन मिळालेल्या, आणि पुण्याकडून पैसा आणि कुमक यावी म्हणून पत्रांमागून पत्रं. मराठा मंडळही एका अर्थी तेरा राज्यांसारखंच होतं. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले, पटवर्धन, ज्याची त्याची फौज, ज्याचा त्याचा मुलूख, आणि मधे पुणे, जे मागणी करू शकत होतं पण वसूल करू शकत नव्हतं. नाना आणि महादजी दोघेही मुत्सद्देगिरीत मॅडिसन किंवा त्याचा सहकारी अलेक्झांडर हॅमिल्टन यांना हार जाणारे नव्हते. पण सगळ्या सरदारांनी एका खोलीत बसून, कोणी किती द्यायचं आणि कोणाचा शब्द शेवटचा, हे लिहून काढलं असं झालं नाही. १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांशीच लढले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांना हरवलं आणि दुसऱ्या बाजीरावाने वसईला कंपनीशी तह केला.

तासगावला बाबांशी फोनवर हे बोलले तर ते चिडले. म्हणाले, त्यांच्या आणि शत्रूच्या मधे अख्खा समुद्र होता, आपल्या अंगणात शत्रू बसला होता. हे खरं आहे, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. सवाई माधवराव लहान, निजाम शेजारी, टिपू शेजारी, मुंबईत इंग्रज. शांतपणे चार महिने खोलीत बसायला उसंत कोणी दिली असती? फ्रान्सची तिजोरी आणि आरमार पाठीशी नसतं तर वॉशिंग्टनची फौजही यॉर्कटाउनपर्यंत पोहोचली नसती. बाबांना वाटतं मी इथे राहते म्हणून इथली बाजू घेते. तसं नाही. आपल्या माणसांचं जे झालं नाही ते जवळून दिसलं की जास्त लागतं.

आणि या लोकांच्या मोटेत जे बांधलं गेलं ते सगळं चांगलं नव्हतं, हेही ठासून सांगायला हवं. दक्षिणेकडच्या राज्यांना सोबत ठेवायला प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांची मोजणी पाच माणसांची तीन अशी ठरली. गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसला बंद करता येणार नाही, असंही कलम घातलं. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिन्यांहून जास्त काळ इथे राहिला तर त्याला मुक्तता मागता यायची. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याच शहरात, स्टेट हाउसपासून जवळच राहत होते, आणि आपल्या गुलामांना सहा महिने भरायच्या आत राज्याबाहेर पाठवत होते. ज्या सीमेवर माझे दोन दिवस आणि थोडे पैसे गेले, तीच सीमा त्या माणसांच्या आयुष्याचा निकाल लावत होती. ओनी जज नावाची तरुणी १७९६ मध्ये त्या घरातून निघून न्यू हॅम्पशायरला गेली आणि वॉशिंग्टननी प्रयत्न करूनही परत आली नाही. राज्यांचे हक्क हे शब्द मी आता तिच्याशिवाय वाचू शकत नाही.

म्हणून डॉ. आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण मी पुन्हा काढून वाचलं. १९१३ ते १९१६ ते इथून दोन तासांवर, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्यामुळे ही व्यवस्था त्यांना आतून माहीत होती. घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी थेट तुलना केली. तिथे दुहेरी नागरिकत्व आहे, आपल्याकडे एकच असेल. न्यायव्यवस्था एक, महत्त्वाचे दिवाणी-फौजदारी कायदे एकसारखे, अखिल भारतीय सेवा एक. संघराज्य ठेवायचं, पण तुटण्याच्या ज्या जागा अमेरिकेत दिसल्या त्या आधीच शिवून घ्यायच्या. इथल्या लोकांना यादवी युद्धात लाखो माणसं मारून जे ठरवावं लागलं, की कोणतंही राज्य संघातून बाहेर पडू शकत नाही, ते आपल्याकडे सुरुवातीपासून पक्कं होतं. आणि पहिल्याच निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत. इथल्या बायकांना देशभर मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला.

दिल्लीच्या हातात फार एकवटलंय, राज्यांनी आपल्याच जीएसटीच्या पैशासाठी हात पसरायचे का, असं म्हणणाऱ्यांशी मी आज पूर्वीपेक्षा जास्त सहमत आहे. पण फाळणीच्या आगीत साडेपाचशे संस्थानं जोडली जात असताना बाबासाहेबांनी केंद्राचं पारडं जड ठेवलं ते योग्यच केलं, यावर मी ठाम आहे. आधी घट्ट बांधून मग सैल करता येतं. उलटं करायला गेलेल्या या लोकांना पहिल्या प्रयत्नात नदी ओलांडून पळावं लागलं, आणि ऱ्होड आयलंडने नवी घटना मान्य केली ती थेट मे १७९० मध्ये, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.