बाविसावा अध्याय आणि पैठणची वाट

२०१८ च्या नाथषष्ठीला मी एकनाथी भागवताची हस्तलिखित प्रत करायला घेतली. कारण साधे होते. वडिलांच्या मागे राहिलेली पोथी माय रोज उघडत असे, पण डोळे अधू झाल्यामुळे छापील अक्षर तिला लागत नव्हते. कोणी वाचून दाखवले तर ती ऐके, तरी तिचे समाधान होत नसे; ओवी स्वतःच्या बोटाखालून गेली पाहिजे, असा तिचा हट्ट होता. म्हणून शाईने, ठळक, वाटाण्याएवढ्या अक्षरात सगळी पोथी उतरवून द्यायची, असे मी ठरवले. अध्याय एकतीस आणि ओव्या सुमारे १८ हजार ८००. रोज दहा लिहिल्या तर पाच वर्षांहून थोडे अधिक लागणार होते. गेवराईच्या घरी पहाटे उठून, शाळेला निघण्यापूर्वी दहा ओव्या लिहायच्या, असा नेम मी धरला.

पहिली तीन वर्षे तो नेम बऱ्यापैकी चालला. सातव्या ते नवव्या अध्यायातले अवधूताचे चोवीस गुरू लिहिताना तर दहा ओव्यांवर हात थांबत नसे. बाण घडवणाऱ्या कारागिराच्या शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत निघून जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही, हा प्रसंग मी ज्या आठवड्यात लिहिला, तो आठवडा मला अजून आठवतो, कारण मलाही तेव्हा दारावरून काय गेले याचे भान नव्हते. पुढे मात्र वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडू लागले, किती झाल्या, किती उरल्या, या वेगाने कोणता महिना उजाडेल. २०२१ च्या पावसाळ्यात बाविसावा अध्याय संपत आला असताना लेखणी थांबली ती थांबलीच. हा अध्याय तत्त्वांच्या संख्येचा आहे. कोणी ऋषी तत्त्वे सव्वीस म्हणतात, कोणी पंचवीस, कोणी अकरा, कोणी नुसती चार, मग खरी संख्या कोणती, असे उद्धव श्रीकृष्णाला विचारतो. मोजणीनेच थकलेल्या मला तो अध्याय ओलांडता आला नाही. जवळजवळ वर्षभर वही कपाटात राहिली. मायने एकदाही विचारले नाही, आणि तिचे ते न विचारणे मला फार लागले.

आधीची दोन वर्षे पालख्या एस.टी.ने पंढरपूरला गेल्या होत्या. २०२२ च्या जूनमध्ये वाट पुन्हा माणसांनी भरणार असे कळले, तेव्हा मी रजा टाकली आणि आयुष्यात प्रथमच नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून निघाले. पिशवीत दोन लुगडी, एक चादर, औषधे आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली ती वही होती. वही का घेतली, हे तेव्हा मला सांगता आले नसते. लिहिण्याचा विचार नव्हता, एवढे खरे.

पहिल्या चार दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. काळ्या रानातला चिखल चपलेला धरून पाय जड करतो, टाळांचा आवाज झोपेतही कानात राहतो आणि ‘भानुदास एकनाथ’ हा गजर चालता चालता श्वासाशी जुळून जातो. माझे लक्ष गेले ते आमच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांकडे. वीणा जमिनीवर टेकवायची नाही, हा दंडक मी लहानपणापासून सप्ताहात पाहिला होता. पण तिथे पहारा बदलतो आणि माणूस घरी जातो. इथे दिवसभर सोबत चालताना मला प्रथमच दिसले, की जेवायला बसण्यापूर्वी बाबा आधी कोणाचा तरी हात शोधतात. घेणारा पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि मगच बाबा पत्रावळीवर बसतात. वीणा अखंड राहते ती अशी, घेणारे हात आजूबाजूला असल्यामुळे. या पोथीची वीणा मी चार वर्षे एकटीनेच गळ्यात अडकवून घेतली होती.

रायमोहा सोडून बालाघाटाचा चढ चढताना माझ्या टाचेला फोड आले. पाटोद्याच्या मुक्कामी हरिपाठ झाला आणि पाय पुढे पसरून मी राहुटीच्या तोंडाशी बसले. काहीतरी हाताला हवे म्हणून वही काढली आणि मोबाइलमधली पोथी समोर ठेवून एक ओवी उतरवली. शेजारी आमच्या दिंडीतली तुळशीवाली म्हातारी टेकली होती.

“काय लिवती गं माय?”

“नाथांचं भागवत.”

“मंग मोठ्यानं म्हण की. मला कुठं वाचता येतंय.”

मी म्हटली. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, “आता फुडली.” त्या रात्री दहा ओव्या झाल्या, त्याही न मोजता, दहा झाल्याचे दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर कळले. खर्ड्याला पोहोचेपर्यंत सात-आठ बाया भोवती बसू लागल्या होत्या. एक मुलगी टॉर्च धरी, दुसरी पोथीतून वाचे, मी लिही, आणि लिहून झालेली ओवी सगळ्याजणी एकदा म्हणत. तत्त्वांची जी गणना मला घरी रुक्ष वाटत होती, ती त्यांना तशी वाटली नाही. शेताची वाटणी भावाभावांत कशी वेगवेगळी मोजतात, तसेच हे ऋषींचे झाले, जमीन तर तेवढीच आहे, असे त्यांपैकी एकीने सांगितले, आणि श्रीकृष्णानेही उद्धवाला जवळपास हेच सांगितले आहे.

परांड्याला मी जाहीर केले, की पुढच्या अध्यायात अवंतीच्या कंजूष धनिकाची गोष्ट येणार आहे, ज्याचे सारे धन जाते, मग लोक त्याचा छळ करतात आणि तो कोणाला दोष देत नाही. त्यानंतर म्हातारीने मला सोडले नाही. “त्यो कदी यायचा?” असे ती चालतानाही विचारी. करकंबच्या मुक्कामी तेविसाव्याची पहिली ओवी लिहिली गेली.

पैठणला सुरू झालेला हा ग्रंथ नाथांनी शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केला, हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. त्यांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि ते त्यांचा शिष्य गावबा याने पुढे नेले, हेही सांगत असे. हातात घेतलेले काम कुठे संपेल, कोणाच्या हाताने संपेल, याची चिंता त्या माणसाने लिहिताना केली असेल, असे मला आता वाटत नाही.

घरी परतल्यावर मी मागच्या पानावरचा हिशेब खोडला. पहाटेचा नेम संध्याकाळवर नेला, कारण संध्याकाळी माय जागी असते. लिहिलेली प्रत्येक ओवी तिला ऐकवायची, मग पुढची लिहायची. कधी चार झाल्या, कधी पंधरा. अखेरची ओवी २०२४ मध्ये लिहून झाली, अकरा वह्या भरल्या आणि मी त्या बांधून घेतल्या.

आता माय दुपारी खिडकीशी बसून त्या वाचते. बोट ठेवून, ओठ हलवत, दिवसाला तीन-चार ओव्या, म्हणजे मी लिहिल्या त्याहूनही सावकाश. नवव्या अध्यायापर्यंत आली आहे. पान मी उलटलेले तिला चालत नाही. मध्येच ती हाक मारते, “इथं काना राहिलाय बघ,” आणि मी लेखणी घेऊन जाते.