फोंडा घाटात गाडीला दम लागला

माझी पिकअप २०१८ची, बीएस-फोर. एप्रिल-मेमध्ये देवगडहून आंबा, बाकी वर्षभर बंदरावरून मासळी, आणि दोन्हींचा रस्ता एकच: नांदगाव तिठा, फोंडा, घाट चढून राधानगरी आणि कोल्हापूर. फोंडा घाट इतक्या वेळा चढलोय की कुठल्या वळणावर कुठला गियर पडणार हे पायाला माहीत आहे. म्हणून गेल्या एप्रिलात तिसऱ्यात जाणारी गाडी जेव्हा दुसऱ्यातही रडायला लागली, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे कळलं. आरशात बघितलं तर मागे काळाकुट्ट धूर आणि त्यातून बाहेर येऊन मला शिव्या घालणारा एक मोटरसायकलवाला. मीटरमध्ये इंजिनाची पिवळी लाईट लागलेली. पेट्या आंब्याच्या, थांबून चालणार नव्हतं. तसाच रडतखडत वर पोचलो.

परत आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे डिझेलमध्ये पाणी, कुणी म्हणे इंजेक्टर गेले, बाबा म्हणाले क्लच. मी डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, टर्बोचा होज पाईप कुठे फाटलाय का तेही हात फिरवून बघितलं. पैसे गेले, धूर तसाच.

शेवटी कणकवलीला माझ्या नेहमीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी स्कॅनर लावला, जे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. कोड आला पी०४०४, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागेवर जात नाही. मेस्त्रींनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कॉम्प्युटर सांगत होता ‘पूर्ण बंद हो, शून्य टक्के’, आणि व्हॉल्व्ह उभा होता २२ टक्क्यांवर. दोन आकडे एकाखाली एक. महिनाभराचं कोडं तिथेच सुटलं.

ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे आतल्या जळणाचं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. हवा स्वच्छ राहावी म्हणून ही सोय. पण भरलेली गाडी घाट चढते, पाय पूर्ण दाबलेला असतो, तेव्हा इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा लागते आणि व्हॉल्व्हने तोंड मिटायचं असतं. माझा मिटत नव्हता. म्हणजे चढावर गाडी आपलाच धूर गिळत होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग काळा धूर आणि ताकद गायब. सपाटीवर त्यामुळेच फारसं जाणवत नव्हतं.

पहिल्यांदा साफ करून बसवला. उघडल्यावर आत जे दिसलं त्याला काजळी म्हणवत नाही. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, येणारी तेलाची वाफ आणि धुराची काजळी मिळून रस्त्यावरच्या डांबरासारखा थर बसला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर चिकट वड्या पडायला लागल्या. मेस्त्री माझ्यावरच घसरले. “बंदरावर तास-तास घुरघुरत ठेवतंस, मग ह्या असाच होतला. गाडी वायच धावडव रे.” खोटं नव्हतं. ट्रॉलरवरून माल उतरेपर्यंत आम्ही सगळेच इंजिन चालू ठेवून बसतो. बिनकामाच्या चालण्यात इंजिन नीट तापत नाही आणि काजळी साठत जाते.

पंधरा दिवस गाडी छान पळाली. मग पुन्हा लाईट. पुन्हा साफ. आठ दिवसांत पुन्हा लाईट. आता व्हॉल्व्हची मोटरच अडखळत होती आणि आतली दांडी झिजून हलत होती. साफसफाईने ती थोडीच भरणार!

याच सुमारास एकाने सांगितलं, पत्र्याची पट्टी घालून तो रस्ताच बंद करून टाक, शंभर रुपयांचं काम. खरं सांगायचं तर मी विचारात पडलो होतो. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर किती काळा ते मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे कुणी मोजत नाही. म्हणजे पट्टी मारूनही कागद मिळाला असता. पण कंपनीने दिलेली प्रदूषणाची यंत्रणा काढणं कायद्यात बसत नाही, हे एक. दुसरं म्हणजे पट्टी मारल्यावर ती पिवळी लाईट कायमची लागून राहणार. उद्या दुसरंच काही बिघडलं तर मला कळणार कसं? कायमचा खोटं बोलणारा मीटर घेऊन रात्री घाट चढायची माझी तयारी नव्हती.

नवा व्हॉल्व्ह मासेमारी बंदीत बसवायचं ठरलं. १ जून ते ३१ जुलै होड्या बंद, गाडी दारात, घाई नाही. ओरिजिनल पार्ट कोल्हापुरातून मागवला, ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर. खोका उघडला तर वायर जोडायच्या कपलरच्या पिना वेगळ्या. मी फोनवर फक्त गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं होतं. त्याच वर्षात दोन प्रकारचे व्हॉल्व्ह निघालेत हे मला कुठून माहीत असणार? दुसऱ्या खेपेला चॅसी नंबर आणि जुन्या व्हॉल्व्हवरच्या नंबराचा फोटो पाठवला. साडेअकरा हजार आणि आठ दिवस गेले.

खरी कसरत बोल्टची. समुद्राच्या वाऱ्याने आमच्याकडे लोखंड काय होतं ते नव्याने सांगायला नको. गाडी थंड करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, थोडं कूलंट उतरवून कामाला लागलो, कारण ईजीआरचा धूर गार करणाऱ्या कूलरचा पाईप आडवा येत होता. चार बोल्टपैकी तीन आले. चौथा, खालचा, जिथे पाना पूर्ण फिरत नाही, तो हलेना. मी पाईप लावून जोर करणार तेवढ्यात मेस्त्रींनी हात धरला. “घाय करू नको. आज तेका तेल पिवक दे, फाल्या बघूया.”

रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोल्ट सोडवायच्या आधी केसभर उलटा, म्हणजे घट्ट केला, मग सैल. टक्‌ असा आवाज आला, मला वाटलं सुटला. बोल्टचं नुसतं डोकं हातात आलं होतं. “तुटलो मेलो!” म्हणून मेस्त्री तिथेच बसले. आत राहिलेल्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर त्यांनी एक नट ठेवला आणि मधून वेल्डिंग मारलं. लाल झालेला नट काळा पडेपर्यंत थांबले, मग पाना लावला. तो तुकडा लोण्यातून यावा तसा बाहेर आला. वेल्डिंगची उष्णताच गंज सोडवते म्हणे. इतका वेळ मी श्वास धरून उभा होतो.

पुढचं पटापट झालं. व्हॉल्व्हपासून इनटेकपर्यंतचा पाईप काढला तर तो अर्धा बुजलेला. तो तसाच ठेवून नवा व्हॉल्व्ह लावला असता तर पैसे पाण्यात. दोन्ही बाजूंची गॅस्केटं नवीन घातली. आधी साफ करताना जुनीच परत बसवली होती, ती चूक माझीच, दीडशे रुपये वाचवायला. बोल्टही नवे, धाग्याला कॉपर ग्रीस लावून. कूलंट भरून हवा काढली. शेवटी स्कॅनरवरून जुन्या व्हॉल्व्हची नोंद पुसून नव्याला त्याची दोन टोकं, पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं, शिकवली. चावी फिरवली की आतून ‘घुंई-टक्‌’ असा आवाज येतो, तो व्हॉल्व्ह उघडून मिटल्याचा. स्क्रीनवर दोन्ही आकडे शून्य.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बांगड्याचा माल भरून निघालो. पाऊस होता, घाटात धुकं. नेहमीच्या वळणावर पायाने आपोआप दुसरा मागितला, मी तिसऱ्यातच ठेवली, आणि गाडी गेली. आता बंदरावर इंजिन बंद करतो, शेजारचे हसतात. पंधरा दिवसांनी कूलंट बोटभर खाली दिसलं. जीव धसकला, पण कूलरच्या पाईपची क्लिप अर्धा आटा सैल होती. आवळली, वर थोडं भरलं. अजून तरी उतरलेलं नाही.