‘म’वरची उभी रेघ

परवा केदार राग शिकवताना माझी एक विद्यार्थिनी तीनदा एकाच जागी अडली. ‘म प ध प म’, एवढासा तुकडा. दोन्ही म ती शुद्धच लावत होती. थांबवलं तर म्हणाली, “ताई, पुस्तकात तर दोन्हीकडे साधाच म आहे.” पुस्तक हातात घेतलं. मीच तिला नागपुरातल्या बर्डीवरून आणायला सांगितलेली नवी आवृत्ती. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी, साडेसहाशे रुपये. आणि आख्ख्या केदारात एकाही ‘म’वर उभी रेघ नाही.

स्वरलिपीची, म्हणजे स्वर कागदावर लिहिण्याच्या पद्धतीची, सवय नसलेल्यांसाठी सांगते. पं. भातखंड्यांची (१८६०–१९३६) खुणांची पद्धत फार थोडक्यात आहे. कोमल, म्हणजे उतरलेल्या स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर, म्हणजे चढ्या ‘म’वर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब, तार (वरच्या) सप्तकाला वर. एका मात्रेत जितके स्वर बसवायचे त्यांच्याखाली चंद्रकोर. एवढ्याच सामानावर त्यांनी घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या शेकडो चिजा, म्हणजे बंदिशी, कागदावर आणल्या. यमनात रेघ गळली तर निभावून जातं, तिथे मध्यम तीव्रच असतो हे पोरांना ठाऊक असतं. केदारात दोन्ही मध्यम आहेत. ‘म॑ प ध प म’: वर चढताना तीव्र, धैवतावरून (‘ध’वरून) परतताना शुद्ध. केदाराचा जीव त्या परतण्यात आहे. रेघ गेली की कोणता म कुठला, हे ते पुस्तक सांगूच शकत नाही.

हे माझ्या मनाला एवढं लागलं ते बाबांमुळे. बाबा महाल भागातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिळे जुळवून छापण्याचा जमाना. अवघड पुस्तकांची प्रुफं ते घरी आणायचे आणि रात्री जेवणं झाली की मला समोर बसवायचे. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, ते प्रुफावर लाल पेन्सिल धरून ऐकायचे. एकदा संगीताचं पुस्तक आलं. “ग, खाली रेघ. म. प. नि, खाली रेघ, वर टिंब,” असं वाचून वाचून मी कंटाळले आणि सरळ गायलाच लागले. तेव्हा अकरा वर्षांची होते, पेटी शिकत होते. बाबांना गाता येत नव्हतं. पण दुसऱ्या रात्रीपासून ते म्हणू लागले, “गाऊनच वाच बेटा, चूक लवकर सापडते. एक रेघ गेली तं राग गेला.”

कवितेचं प्रूफ असलं की ते बोटांवर मोजायचे. प्राकृत गाथेत चार चरणांच्या मात्रांचा हिशेब ठरलेला: १२, १८, १२, १५. जुळाऱ्यानं दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व बसवली की एक मात्रा कमी भरायची आणि बाबांचं बोट मध्येच थांबायचं. शब्दाचा अर्थ त्यांना लागलेला नसायचा, चूक मात्र सापडलेली असायची. याच महाराष्ट्री प्राकृतात वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनानं ‘सेतुबंध’ हे काव्य रचलं. त्याची आधीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपल्या रामटेकजवळचं नगरधन. हे मला बाबांनीच सांगितलं, बहुधा प्रुफातच वाचलं असेल.

आपल्या नागपुरात अक्षर न् अक्षर ताडून बघायच्या या कामाला केवढा मान होता! जुन्या कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी इथेच राहिले. त्यांचा वाकाटक लेखांचा इंग्रजी ग्रंथ १९६३चा. त्यातली ताम्रपटांची छायाचित्रं मी ग्रंथालयात तासभर बघत बसले होते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चिमुकली चौकोनी पेटी. त्या पेट्यांखालची झिजलेली वळणं वाचून काढायची, मग राजांचा क्रम लावायचा. वि. भि. कोलत्यांनी संपादलेलं ‘लीळाचरित्र’ १९७८ साली आलं. त्याआधी पोथ्यांमागून पोथ्या ताडून पाहिलेल्या, त्यातही महानुभावांची सांकेतिक सकळ लिपी, जिथे एका अक्षराच्या जागी भलतंच अक्षर लिहिलेलं. अशा ग्रंथांत मी तळटिपा आणि पाठभेद आधी वाचते, आणि शुद्धिपत्र असेल तर सगळ्यांच्या आधी. शुद्धिपत्र छापणाऱ्या प्रकाशकावर माझा विश्वास बसतो. कुणीतरी छापून झाल्यावरही पुन्हा वाचलंय, हे त्यातून कळतं.

त्या नव्या आवृत्तीच्या प्रकाशकांना मी फोन केला. “फाइल आमच्याकडे तशीच आली होती,” एवढंच उत्तर मिळालं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये फिरवताना अशा खुणा गळतात, हे मान्य. पण युनिकोडमध्ये वेदातल्या स्वरांसाठी वर उभी रेघ आणि खाली आडवी रेघ कधीपासूनच आहे. आम्ही शिक्षक मंडळी मोबाइलवर त्याच वापरून ‘म॑’ आणि ‘रे॒’ लिहितो आणि विद्यार्थ्यांना पाठवतो. साधन हाताशी आहे. कमी पडला तो छापण्याआधी एकदा गाऊन बघणारा माणूस. साडेसहाशे रुपयांच्या पुस्तकात त्याची मजुरी धरायलाच हवी होती.

रविवारी ती मुलगी पुस्तक घेऊन आली. कूलर लावला, बाबांची जुनी प्रत काढली, पानं पिवळी पडलीत पण रेघा जागच्या जागी. मी जुन्यातून गात गेले आणि ती नव्या पुस्तकात पेन्सिलीनं रेघा काढत गेली. दुसऱ्या पानावर तिनं मला थांबवलं. “ताई, इथे तुम्ही तीव्र घेतला, पण जुन्यात रेघ नाहीये.” पाहिलं तर खरंच नव्हती. मी चुकले होते. तेवढी ओळ पुन्हा गायले. केदार झाला. हमीर आणि कामोद हे राग पुढच्या रविवारी.