खांद्यातली पिशवी

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. यंदा खिडकीवरच्या कूलरच्या ताट्या मीच बदलल्या. दोन तास हात वर. तिसऱ्या दिवशी केस विंचरता येईनात. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "काऊन वं, पोरं नव्हती का घरी?"

फिजिओथेरपीवाल्या मुलीने हात बाजूने हळूहळू वर करायला लावला. अर्ध्या वाटेवर कळ, पार वर गेल्यावर कमी! साधारण 60 ते 120 अंशांत दुखतं, म्हणाली. मग तिने दुधाची रिकामी पिशवी बोटांत धरून चोळून दाखवली. आत थेंबभर दूध उरलेलं, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींवरून सुळकन सरकत होत्या. खांद्यात अशीच एक चपटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. वर खांद्याच्या हाडाचं छप्पर, खाली हात उचलणाऱ्या स्नायूची दोरी, मधे ही. मी समजत होते पाण्याने टम्म भरलेली असेल. पण निरोगी असताना आत द्रवाचा नुसता पातळ थर असतो. दोरी हाडाला घासू नये एवढंच तिचं काम. सुजली की फुगते, अन् हात उचलला की त्या अरुंद जागेत चिमटते.

रात्री त्या कुशीवर झोपायचं नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही. चिवड्याचा डबा नेमका वरच्या फळीवर. सध्या नातू स्टुलावर चढून काढतो, अन् अर्धा तिथेच संपवतो.